सहा आठवडे, सात उपाय आणि एक कपाळ

भाची घरात शिरली तरी तोंडावरचा मास्क काढेना. पाणी दिलं तर पाठमोरी होऊन प्यायली. ताईने फोनवर आधीच बजावलं होतं, "चेहऱ्यावरून काही बोलू नकोस, लगेच रडते." म्हणून मी गप्प. दहा मिनिटं इकडचं तिकडचं झालं, मग तिनेच मास्क ओढून काढला. "बघ मावशी. बोल आता काय बोलायचंय ते."

मुरूम होतेच. गालांवर, हनुवटीवर, थोडे कपाळावर. पण माझी नजर अडकली ती डाव्या गालावरच्या चट्ट्यावर. अंगठ्याच्या ठशाएवढा, तपकिरी, कडा रेखीव. त्याच्या खालच्या टोकापासून जबड्याकडे एक बारीक रेघ उतरलेली, भिंतीवर रंगाचा ओघळ यावा तशी. मुरूम ओघळत नाहीत. काहीतरी लावलं होतं आणि ते वाहिलं होतं.

"लिंबू?" मी विचारलं.

"तुला कसं कळलं?"

तिथून पुढच्या सोळा आठवड्यांची ही नोंद. मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि अठरा वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी आहे. औषधं मला कळतात, त्वचा बेताचीच कळते, आणि हा फरक या प्रकरणात चांगलाच नडला. भाचीच्या परवानगीने लिहिते आहे. तिच्या अटी दोन : नाव नको, फोटो नको. टूथपेस्टचं लिहू नकोस असंही आधी म्हणाली होती. नंतर म्हणाली, लिही.

आधीचे सहा आठवडे

वय १७. मुरूम चौदाव्या वर्षापासून, अधूनमधून, पाळीच्या आधी जरा जास्त. यात काहीच वेगळं नाही. मग एका फोटोत तिने स्वतःला जवळून पाहिलं आणि ती हात धुवून चेहऱ्याच्या मागे लागली. डॉक्टरकडे जायला लाज वाटत होती, पैसे मागायला त्याहून जास्त. घरात जे फुकटात सापडेल त्यावर भागवायचं ठरवलं.

पहिला मान लिंबाचा. अर्धं लिंबू कापून सालासकट गालावर फिरवलं आणि 'उन्हाने मुरूम सुकतात' असं कुठेतरी ऐकलं होतं म्हणून अर्धा तास गच्चीवर उन्हात बसली. त्यानंतर टूथपेस्ट, रात्री प्रत्येक फोडावर एक ठिपका. मग खाण्याच्या सोड्याची पेस्ट, तीही चोळून. मग मध आणि दालचिनीची पूड. मग पाणी घातलेलं व्हिनेगर. या सगळ्याने चेहरा ओढल्यासारखा झाला, म्हणून खोबरेल तेल. शेवटी वाफ, रोज रात्री, डोक्यावर टॉवेल घेऊन.

सहा आठवड्यांत सात उपाय. म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी सहा दिवस. हा हिशेब मी तिच्यासमोर वहीत मांडला तेव्हा ती म्हणाली, "सहा दिवसांत फरक पडला नाही, तर सातव्या दिवशी कशाला पडेल?"

प्रश्न रास्त होता, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. आज दिसणारा मुरूम आज तयार होत नाही. केसाच्या मुळाशी असलेल्या तेलग्रंथीचं तोंड मृत पेशींनी हळूहळू बुजतं, आत तेल साठतं, आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एक बारीक गुठळी तयार होते. तिथे राहणारे जिवाणू (क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, २०१६ पर्यंत प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणून ओळखले जाणारे) त्या तेलावर पोसतात, शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि मग लाली, सूज, पू. गुठळीपासून लाल फोडापर्यंतचा प्रवास काही आठवड्यांचा असतो, साधारण आठ धरा. आज लावलेल्या औषधाचा जाब आजच्या फोडांना विचारून उपयोग नाही. तो विचारायचा दीड-दोन महिन्यांनंतर उगवू शकणाऱ्या, आणि न उगवलेल्या, फोडांना.

याची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. लाल फोड काही न करताही चार-सहा दिवसांत बसायला लागतो. आपण लावायला कधी घेतो? तो सगळ्यात वाईट दिसत असतो तेव्हा. म्हणजे त्याची उतरण सुरू व्हायच्या बेतात असताना. मग टूथपेस्ट लावा नाहीतर खडू घासा, तिसऱ्या दिवशी "बसला बघ!" म्हणायची सोय होतेच. टूथपेस्टमुळे वर कातडी कोरडी पडते, पापुद्रा सुटतो आणि तो 'सुकला' असं वाटतं. प्रत्यक्षात पेस्टमधला फेस आणणारा साबण, दात घासण्यासाठीची बारीक भुकटी आणि मेन्थॉल यांनी भोवतीची चांगली कातडी सोललेली असते. भाचीच्या ओठांच्या कडेला अशी वर्तुळं होती, मध्ये फिकट आणि भोवती लाल. मी मोजली : पाच. त्या पाचांपैकी दोन ठिकाणी मुळात मुरूम होता की नुसता तीळ, हे तिलाही सांगता येईना.

तीन ढीग

पहिल्या दिवशी मी एकच काम केलं. टेबलावरचा दिवा जवळ ओढला, भिंग घेतलं आणि तिच्या चेहऱ्यावरच्या प्रत्येक गोष्टीची वर्गवारी केली. फोड वेगळे, डाग वेगळे, भाजल्याच्या खुणा वेगळ्या. लोक या तिन्हींना 'पिंपल्स' म्हणतात आणि तिन्हींवर एकच गोष्ट चोळतात.

गाल आणि हनुवटी मिळून १९ लाल फोड. नाकाच्या बाजूला काळ्या टोकाचे बारके ठिपके, ते मोजले नाहीत. (ते काळं म्हणजे मळ नव्हे; उघड्या तोंडाशी आलेलं रंगद्रव्य आणि हवेने काळवंडलेलं तेल. घासून निघत नाही. सोड्याने तर नाहीच.) कपाळावर १४ बारीक पुटकुळ्या. सपाट डाग नऊ. हे मुरूम नव्हेत, मुरूम गेल्यावर मागे राहिलेला रंग. यांच्यावर मुरुमांचं औषध घालणं म्हणजे आग विझल्यावर काजळीवर पाणी ओतणं. टूथपेस्टची वर्तुळं पाच. आणि लिंबाचा तो चट्टा, ओघळासह.

चट्ट्याबद्दल थोडं सविस्तर, कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ आम्ही त्यावरच बोललो. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५, त्वचेचा ५ च्या आसपास. ही मोजपट्टी अशी आहे की एक घर खाली उतरलं की आम्लता दहापट होते. तीन घरं म्हणजे हजारपट. एवढं एक कारण पुरेसं होतं. पण लिंबात, विशेषतः सालीत, फ्युरोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना अतिनील किरण पडले की प्रकाशरासायनिक क्रिया होऊन कातडी अक्षरशः भाजते. लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. लाली, कधी फोड, आणि पुढच्या आठवडा-पंधरा दिवसांत तपकिरी डाग, जिथे जिथे रस वाहिला नेमका तिथे. लिंबू पिळून बाहेर उन्हात पेयं बनवणाऱ्यांच्या हातांवर अशाच रेघा उमटतात. भाचीने साल फिरवली होती आणि वर ऊन घेतलं होतं. मुद्दाम ठरवून करायचं म्हटलं तरी याहून चोख जमलं नसतं.

सोडा उलट्या दिशेने गेला होता. त्याच्या द्रावणाचा पीएच ८ च्या वर, म्हणजे त्वचेचं पातळ आम्लधर्मी कवच आधी लिंबाने आणि व्हिनेगरने एका बाजूला ओढलं, मध्ये सोड्याने दुसऱ्या. दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड झोंबतं, काहींना त्याची ॲलर्जीही असते. वाफेने लाली वाढली, एवढंच.

मधाचं मात्र तसं नाही. मध जंतूंना मारतो हे खरं आहे, जखमांवर तो वापरतातही. म्हणून तर न्यूझीलंडमध्ये त्याची मुरुमांवर रीतसर चाचणी झाली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली : १३६ लोक, १२ आठवडे, निम्म्यांना जंतुनाशक साबण आणि जोडीला कानुका झाडाचा मध, निम्म्यांना नुसता साबण. मधाने फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. हे मी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "पण मधाने जळजळ तरी नाही झाली." बरोबर. सातांपैकी निरुपद्रवी असा तोच एक, तोही दालचिनी न घालता.

ताईचं म्हणणं वेगळंच होतं : चॉकलेट बंद करा. १९६९ मध्ये अमेरिकेत ६५ जणांवर चॉकलेटचा प्रयोग झाला होता आणि निष्कर्ष आला, काही फरक नाही. पुढे लोकांनी बोट ठेवलं ते यावर की तुलनेसाठी दिलेल्या नकली वडीत साखर आणि स्निग्धांश जवळपास तितकेच होते, आणि खर्चाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचा हातभार होता. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ४३ तरुणांवरच्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात रक्तातली साखर भराभर न वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरूम जास्त घटले. त्यांचं वजनही घटलं, तेव्हा श्रेय नेमकं कशाचं हे सांगणं अवघड. मी ताईला म्हटलं, गोड कमी केलंस तर नुकसान काही नाही, पण त्यावरून पोरीला ताटावर बोलू नकोस. ताईने पहिला भाग ऐकला.

काहीच न लावण्याचे पंधरा दिवस

सगळ्यात अवघड टप्पा हाच. कोमट पाणी, दिवसातून दोनदा सौम्य, सुवास नसलेला फेसवॉश, चोळायचं नाही. सोललेल्या जागांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. बाहेर पडताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, कारण ऊन लागलं तर चट्टा आणि डाग दोन्ही गडद होणार. बाकी काही नाही.

"काहीच न लावणं हा काय उपाय झाला? आणि व्हॅसलिन? मुरुमांवर? अगं, तेच तर चिकट असतं!"

पेट्रोलियम जेली रंध्रं बुजवते हा समज जुना आहे, पण तिच्या चाचण्या झाल्या आहेत आणि तिने मुरूम होत नाहीत. तेलकट वाटणं आणि तेलग्रंथीचं तोंड बुजणं या दोन वेगळ्या गोष्टी. तरीही मी तिला ती फक्त सोललेल्या जागी लावायला सांगितलं. सगळ्या तोंडावर थापायची गरज नव्हती, आणि तिचा जीवही शांत राहिला.

पंधरा दिवसांनी गाल-हनुवटीचा आकडा १९ वरून १५. टूथपेस्टची वर्तुळं गेली. चार फोड कमी झाले ते कशाने? नुसतं छळणं थांबल्याने. ती 'जादू' म्हणाली. मी म्हटलं, आगीतून उठून फुफाट्यात बसलेलं माणूस तिथून उठलं, जादू कसली.

कपाळ मात्र १४ वरून १७. वहीत लिहिलं आणि पान उलटलं.

एकच गोष्ट, आठ आठवडे

आता लावायचं काय, यावर आमचा वाद झाला. तिला 'घरगुती'च हवं होतं. मला मुरुमांवर लावायचं औषध हवं होतं, २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. ती म्हणाली, ते केमिकल आहे. मी म्हटलं, लिंबातलं सायट्रिक ॲसिडही केमिकलच, फक्त त्याच्या बाटलीवर टक्केवारी लिहिलेली नसते. काही देशांत पीठ पांढरं करायला हेच बेन्झॉइल पेरॉक्साइड वापरतात. हे ऐकून तिचा विश्वास बसण्याऐवजी आणखीच उडाला.

मग तिने टी ट्री तेलाचं (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांचं तेल) नाव काढलं, आणि इथे मला तिचं थोडं ऐकावं लागलं. कारण १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर या दोघांची समोरासमोर तुलना झाली आहे : ५ टक्के टी ट्री तेलाचं जेल विरुद्ध ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड. दोन्हींनी मुरूम कमी झाले, टी ट्री उशिरा लागू पडलं, पण त्रासही त्याचा कमी. मेख अशी की ते ५ टक्क्यांचं जेल होतं. घरोघरी असते ती शुद्ध तेलाची बाटली, वीसपट तीव्र, बरेचदा अर्धी वापरून वर्षभर ठेवलेली. आणि हवा लागून जुनं झालेलं टी ट्री तेल ॲलर्जीला निमंत्रण देतं. तिच्या हातची बाटली अशीच होती. मी हुंगून पाहिली आणि परत दिली.

शेवटी पेरॉक्साइडच ठरलं. माझी कारणं दोन. एक, ते जिवाणूंना ऑक्सिजनच्या माऱ्याने मारतं. प्रतिजैविकांना जिवाणू सरावतात तसे याला सरावल्याचं दिसलेलं नाही. दुसरं, जास्त टक्केवारी म्हणजे जास्त गुण नव्हे : १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत २.५ टक्क्यांनी फोड ५ आणि १० टक्क्यांइतकेच कमी केले आणि जळजळ १० टक्क्यांपेक्षा कमी झाली. माझ्या काउंटरवर लोक नेहमी 'त्यातलं स्ट्राँग द्या' म्हणतात. स्वस्तात पडायचं असेल तर नेमकं सौम्य घ्यावं.

कसं लावायचं, हे कशापेक्षाही महत्त्वाचं. फोडावर ठिपका नाही. वाटाण्याएवढं बोटावर घ्यायचं, पाच ठिकाणी टेकवायचं आणि पूर्ण गाल-हनुवटीवर पातळ पसरायचं, कारण उद्याचे फोड कुठे दडलेत ते दिसत नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, कोरड्या तोंडावर, वर मॉइश्चरायझर. अशी ती लहानशी ट्यूब अडीच महिने पुरली. सात उपायांच्या सामानापेक्षा हे महाग पडलं का, तर नाही. आणि त्या सामानात गालावरचा चट्टा धरलेलाच नाही.

पेरॉक्साइड कपड्यांचा रंग उडवतं हे तिला दहादा सांगितलं होतं. उशीचा अभ्रा पांढरा घातला, जुना टॉवेल काढून दिला. तिसऱ्या दिवशी माझ्या निळ्या टॉवेलवर दोन गालांचे दोन नारिंगी ठसे. तो टॉवेल अजून आहे.

चौथ्या आठवड्यात आकडा १६. म्हणजे एकने वाढला. रात्री अकराला तिचा फोन : "मावशी, वाढले. बंद करते." हा क्षण येणार हे मला माहीत होतं, म्हणून सुरुवातीलाच तिच्याकडून वहीत लिहून घेतलं होतं, तिच्याच अक्षरात : 'आठ आठवड्यांच्या आत बंद करणार नाही, चेहरा सुजला किंवा सोलला तर सोडून.' सुजला नव्हता, सोलला नव्हता. ते पान तिला वाचायला लावलं. फोन ठेवला तिने, रागातच.

आठव्या आठवड्यात गाल-हनुवटी : ७.

कपाळ : ३८.

कपाळ माझं

इथे माझी चूक सुरू होते. खरं तर पहिल्या दिवशीच झाली होती.

मी त्या पुटकुळ्यांना बंद तोंडाचे मुरूम समजले. तसं वाटणं साहजिक होतं : बारीक, कातडीच्याच रंगाच्या, काही किंचित लाल. चौथ्या आठवड्यात २४ झाल्या तेव्हा म्हटलं, कपाळाला वेळ लागतो. सहाव्यातही तेच म्हटलं. भाचीला थांबायला सांगता सांगता मीच थांबायच्या प्रेमात पडले होते.

आठव्या आठवड्याच्या मोजणीनंतर ती माझ्या टेबलावर गणितं सोडवत बसली होती. मी समोर. ती विचार करताना पेन्सिलीचं मागचं टोक कपाळावर घासत होती, केसांच्या रेषेलगत, पुढे-मागे, पुढे-मागे. नुसता चाळा वाटावा असं. पण पेन्सिल खाली ठेवल्यावर बोट तिथेच गेलं.

"खाजतं का गं?"

"कपाळ? हो, खूप. घाम आला की तर नकोच. सांगितलं नाही का मी?"

तिने सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. मुरूम दुखतात, सहसा असे खाजत नाहीत. मी पुन्हा भिंग काढलं. सगळ्या पुटकुळ्या एकसारख्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या, जणू एकाच साच्यातून काढल्यात. मुरुमांच्या घरात लहान-मोठे सगळे नांदतात : काळं टोक, पांढरं टोक, लाल, पुवाचा. इथे एकही काळं टोक नव्हतं. आणि ते जुनं छायाचित्र, ज्याच्यामुळे हे सगळं रामायण सुरू झालं, त्यात तिचं कपाळ साफ होतं. ही गोष्ट मी पहिल्या दिवशी पाहिली होती, वहीत लिहिलीही होती. 'जुन्या फोटोत कपाळावर काही नाही.' माझंच अक्षर.

म्हणजे कपाळावर जे होतं ते त्या सहा आठवड्यांत जन्माला आलं होतं. आणि अजून वाढत होतं, म्हणजे त्याला खाऊ मिळत होता.

"खोबरेल तेल बंद केलंस ना?"

"चेहऱ्याचं केलं. केसांना लावते रात्री. तू चेहऱ्याला लावू नको म्हणाली होतीस."

अगदी शब्दशः खरं.

पुढच्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी एक पुटकुळी खरवडून काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि सांगितलं : मॅलेसेझिया. ही एक यीस्ट आहे, बुरशीच्या कुळातली, प्रत्येकाच्या त्वचेवर असते, कोंड्यातही तिचा हात असतो. केसांच्या मुळांत ती माजली की हुबेहूब मुरुमांसारख्या पुटकुळ्या येतात. तिला स्वतःचं स्निग्धाम्ल बनवता येत नाही, आयतं लागतं. खोबरेल तेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं आणि ते तिला चालतं. यातला विनोद असा की खोबरेल तेल मुरुमांवर सुचवणारे लोक याच लॉरिक आम्लाचा दाखला देतात, कारण प्रयोगशाळेच्या ताटलीत ते मुरुमांच्या जिवाणूंना मारतं. ताटलीत यीस्ट नसते. कपाळावर असते.

पेरॉक्साइडने कपाळ सुधारलं नाही यात आश्चर्य नव्हतं. ते मुख्यतः जिवाणूंचं औषध. प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या असत्या तर आणखी बिघडलं असतं, कारण जिवाणू हटले की यीस्टला रान मोकळं. डॉक्टरांनी केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा कोंड्याचा शॅम्पू दिला : आठवड्यातून तीनदा कपाळावर फेस करायचा, पाच मिनिटं ठेवायचा, धुऊन टाकायचा. आणि तेल बंद, केसांचंही. तीन आठवड्यांत ३८ च्या ६ झाल्या. सगळ्या प्रकरणात इतकं झटपट काहीच बरं झालं नाही, आणि औषध होतं शॅम्पू.

डॉक्टरांकडे जाण्याचं आणखी एक कारण तेव्हाच उगवलं होतं. उजव्या जबड्यावर एक खोल गाठ, वर तोंड नाही, बोट लावलं तरी ठणका. अशा गाठीवर घरी करण्यासारखं फार नसतं. कोमट ओल्या कपड्याचा शेक, दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटं, आणि हात न लावणं. फुटलेल्या मुरुमावर हायड्रोकोलॉइडची चिकटपट्टी कामाची असते, ती द्रव शोषते आणि मुख्य म्हणजे नखं दूर ठेवते. बंद गाठीवर ती नुसती चिकटून राहते. भाचीने ती गाठ दोनदा दाबली होती. डॉक्टरांनी ते न विचारता ओळखलं. पाळी नियमित आहे का, हनुवटीवर राठ केस येतात का, कुठली गोरं करणारी किंवा स्टेरॉइडची ट्यूब लावली का, हे सगळं विचारलं. शेवटचा प्रश्न मीही पहिल्या दिवशी विचारला होता. खाजेचा तेवढा राहिला.

त्यांनी रात्रीसाठी ०.१ टक्का ॲडापलीन जोडलं, पेरॉक्साइड सकाळी हलवलं. ॲडापलीन गुठळी तयार होण्याच्या पायरीवरच काम करतं. अमेरिकेत ते २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. पण जबड्यावर गाठ, वण पडायची भीती आणि वय १७ असताना ते मी स्वतःच्या अकलेने दिलं नसतं, आणि गरोदरपणात तर ते वापरायचंच नसतं. पहिले तीन आठवडे कातडी पुन्हा सुटली, नाकपुड्यांच्या कडेला. पेट्रोलियम जेली परत आली. या वेळी तिने वाद घातला नाही.

सोळावा आठवडा

गाल आणि हनुवटी : ३. कपाळ : १, आणि तो खरा मुरूम आहे, टोकासकट, तिने अभिमानाने दाखवला. जबड्याची गाठ बसली, तिथे किंचित खळगा राहिला आहे, तो भरेल की नाही हे सहा महिन्यांनी बघू असं डॉक्टर म्हणाले. सपाट डाग नऊवरून चार, तेही फिकट.

गालावरचा ओघळ पुसला गेला आहे. चट्टा अजून आहे, सावलीत दिसत नाही, उन्हात दिसतो. लिंबू लावून बसली होती अर्धा तास. त्याला आता पाच महिने झाले.

पुढची मोजणी विसाव्या आठवड्यात. ती ती स्वतः करणार आहे. भिंग घेऊन गेली माझं. कपाळानंतर माझ्या नजरेवर तिचा विश्वास उरलेला नाही.